खिडकीतली पंगत

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात अर्जापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही सातवीपासून मीच लिहीत आलो. वडील परभणीकडे एका जिनिंग मिलमध्ये वजनकाट्यावर असतात, आई शाळेत मुलांची खिचडी शिजवते. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी. त्यामुळे आठवणी वगैरे लिहायचा आपल्याला काही अधिकार आहे का, अशी शंका हे लिहितानाही आहे. इथल्या मंडळाच्या अंकासाठी कोणीतरी म्हणालं, त्या वर्षाबद्दल लिही. त्या वर्षातलं मला फारसं आठवत नाही. कुंड्या आठवतात. म्हणून कुंड्यांबद्दल लिहितो. त्यात माझी एक चूक आहे आणि एक खोटेपणा आहे. दोन्ही जसं झालं तसं सांगतो.

२०२० च्या सप्टेंबरात मी आयर्लंडमध्ये मेनूथला शिकायला आलो. विद्यापीठ चालत पंधरा मिनिटांवर होतं आणि वर्ग सगळे लॅपटॉपवर. नागपूरच्या एका कुटुंबाकडे वरच्या मजल्यावरची लहान खोली मिळाली. ताई औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यांचे मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी आठ वर्षांची. आणि ताईंचे वडील. ते फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले होते, मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ते अडकले. मुलगी त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मीही आजोबा म्हणायला लागलो.

आजोबा अमरावतीकडचे, उंच, कानटोपी घालणारे. घराच्या मागच्या बाजूला एक काचेची खोली होती. तीन बाजूंनी काच, वर प्लॅस्टिकचं छत, हीटर नाही. घरातले लोक तिथे बूट आणि मोडकी सायकल ठेवायचे. आजोबांनी अडकलेल्या उन्हाळ्यात ती झाडून काढली आणि अंगणातल्या कुंड्या थंडीत तिथे येतील असं ठरवून टाकलं. कुंड्या चार होत्या. रातराणी, अनंत, मोगरा आणि ताईंची तुळस. रातराणी आणि अनंत दुकानातून आणलेले. मोगऱ्याचं रोप डब्लिनमध्ये ब्युमॉन्टला राहणाऱ्या एका मल्याळी नर्सबाईंनी दिलं होतं. फाटकाबाहेर पिशवी ठेवून त्या दोन मीटर मागे सरकल्या आणि आजोबांनी वाकून ती उचलली, असं ताई सांगायच्या.

मी आलो तेव्हा मोगऱ्याला शेवटच्या कळ्या होत्या. आजोबा सकाळी एक फूल खुडून पिण्याच्या पाण्याच्या तांब्यात टाकायचे आणि दुपारी सगळ्यांना ते पाणी प्यायला लावायचे. मुलगी एक घोट घ्यायची.

"आजोबा, धिस टेस्ट्स लाइक शॅम्पू."

"काय म्हनते थे?"

"साबणासारखं लागतंय म्हणते," मी म्हणालो.

"साबन! अबे, तिच्या आजीनं उभा जन्म हे पानी पेलं, अन् ही म्हनते साबन." ते हसायचे. मुलगीही हसायची, आणि तांब्यातलं उरलेलं मी प्यायचो. नंतर एकदा कुंड्या पुसता पुसता ते मला म्हणाले, "या पोरीले माझं बोलनं समजते, मले तिचं नाही समजत. वास तरी समजन तिले. दोन-चार उन्हाळे पेलं ना, की जनमभर नाही विसरत."

त्यांना मोगरा कशासाठी हवा होता ते मला तेव्हा कळलं.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिलं दहिवर गोठायच्या आत आम्ही कुंड्या आत घेतल्या. ते काम आजोबांनी मला रीतसर शिकवलं. आधी प्रत्येक पान वरून खालून ओल्या फडक्याने पुसायचं, कारण आत आल्यावर कीड झपाट्याने वाढते. मग फांद्या एक तृतीयांश छाटायच्या. कुंडी काचेला चिकटवायची नाही, पानं गारठतात. घरातल्या गरम खोलीतही न्यायची नाही. तिथे उजेड कमी आणि ऊब जास्त, झाड जागं होतं आणि उपाशी राहतं. थंडीत झाडाला झोपू द्यायचं. आणि पाणी? त्यांनी मला प्रत्येक कुंडी एकदा ओली आणि एकदा कोरडी असताना उचलायला लावली.

"वजन ध्यानात ठेव. कुंडी हलकी लागली, तरच पानी. माती वरून सुकली म्हनून नाही, तारीख आली म्हनून नाही. हातानं उचलून."

हे मला लगेच जमलं. माझे वडील कापसाचं बोचकं काट्यावर चढवायच्या आधीच किलो सांगतात. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार आवडलं. ते दिवसभर घरात सांगत होते, "काट्यावाल्याचं पोरगं हाये."

डिसेंबरच्या सुरुवातीला विमानं मिळाली. आजोबांना घेऊन सगळेच निघाले. जानेवारीअखेर ताईंचं कुटुंब परत येणार होतं आणि आजोबा मे महिन्यात. निघताना त्यांनी मला काचेच्या खोलीत नेलं. खालच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्यांनी कात्री, जुनं फडकं आणि पांघरायच्या दोन चादरी ठेवल्या होत्या.

"रातरानीचे सारे पानं गळतीन. घाबरू नोको, झोपली असन थे. मेली तरी चालन, दुकानात भेटते. मोगरा जगव फक्त. त्याले तहानलेला ठेव. मरू देऊ नोको, पन पोटभर पाजूही नोको. समजलं का?"

"समजलं."

"मे मध्ये येतो मी. मंग पाहू कोन साबन म्हनते तं."

त्यानंतर घरात मी एकटा होतो. दर रविवारी मी चारही कुंड्यांचा फोटो आजोबांना पाठवायचो आणि त्यांचा आवाज यायचा. ते टाइप करत नसत. "पाय बरं, अनंताच्या पानाखाली पांढरं काही चिकटलं का? चिकटलं असन तर कापसाच्या बोळ्यानं पूस. अन् तू काय खाल्लं आज? खोटं नोको सांगू." मी वरणभात सांगायचो. टोस्ट खाल्लेला असायचा.

नाताळानंतर सगळं पुन्हा बंद झालं. पाच किलोमीटरच्या आत राहायचं. मी कालव्याच्या कडेने एक फेरी मारायचो आणि परत यायचो. वर्गात कॅमेरा बंद ठेवायचो. एकदा शिक्षकांनी माझं नाव घेतलं आणि मी माइक चालू करायच्या आत ते पुढच्या नावावर गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुकानातली बाई विचारायची, हाउ आर यू, मी म्हणायचो, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत छान. आई फोनवर विचारायची, जेवलास का, मी म्हणायचो, जेवलो. दिवसभरात एवढंच बोलणं. दुःख होतं असं म्हणता येणार नाही. हात बधिर झाला की तो आपलाच आहे हे दाबून पाहावं लागतं, तसं होतं.

जानेवारीच्या मध्यावर ताईंचा फोन आला. त्यांचा आवाज खोल होता. बाबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय, असं म्हणाल्या. आता रविवारी ते लिहून पाठवतील. येणं लांबणार, तू घराची काळजी करू नकोस. मग म्हणाल्या, "तुळशीला पाणी घालतोस ना रे?"

"ताई, तुळस वाळलीय. नुसत्या काड्या आहेत."

"असू दे. वाळली तरी घालायचं. आंघोळ करून रोज तांब्याभर घाल. माझ्याकडून घाल."

मी होय म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी आंघोळ करून, तांब्या भरून काचेच्या खोलीत जायला लागलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. उठायला कारण मिळालं.

चूक इथे झाली. चार कुंड्या खिडकीपाशी ओळीने होत्या. तुळस पहिली. तिला पाणी घालायचं आणि बाकीच्या तिघांसमोरून भरला तांब्या घेऊन मागे फिरायचं, हे मला जमेना. आमची आई शाळेत वाढते तेव्हा तिची पळी ओळीतल्या कोणालाही चुकवत नाही. शेवटच्या पोराच्या ताटात अर्धीच पळी पडली तरी पडते. पंगतीत एकाला वाढायचं आणि शेजारच्याने बघत बसायचं, ही गोष्ट माझ्या हाताला माहीतच नाही. पहिले दोन दिवस मी तसाच फिरलो. तिसऱ्या दिवशी थोडंसं रातराणीला घातलं. मग थोडंसं अनंताला. मग मोगऱ्याला. थोडंसंच, रोज. कुंडी उचलून पाहायचं मी बंद केलं. का केलं ते सांगता येत नाही. वाढताना कोणी पोट तपासत नाही, एवढंच.

दहा-बारा दिवसांत मोगऱ्याची खालची पानं पिवळी झाली. रातराणीसारखा तोही झोपतोय असं मी धरून चाललो. मग वरची पानं काळपट झाली आणि हात लागला की गळायला लागली. ती सुकून गळत नव्हती, ओली गळत होती. तेव्हा मी कुंडी उचलली. ती दगडासारखी जड होती.

त्या रविवारी मी फोनमधला डिसेंबरचा फोटो शोधला आणि तो आजोबांना पाठवला.

उत्तर आलं, "छान." लिहिलेलं.

पुढच्या रविवारी डिसेंबरचाच दुसरा फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान आहे. काळजी घे." मला सुटल्यासारखं वाटलं. आवाज आला असता तर मी बहुतेक बोलून गेलो असतो. लिहिलेल्या शब्दासमोर खोटं टिकवणं सोपं होतं. असे मी फेब्रुवारी, मार्च, एप्रिल काढले. फोटो संपले तेव्हा एकच फोटो उलटसुलट कापून पाठवला.

मोगऱ्याला वाचवायचे प्रयत्नही त्याच वेळी चालू होते. फेब्रुवारीत कुंडी आडवी करून मी झाड बाहेर काढलं. मातीला गटारासारखा वास येत होता. मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटून हातात येणारी. तेवढी सगळी कापली. उरली ती मूठभर पांढरी मुळं. त्यांना मोठी कुंडी नको हे वाचून कळलं, म्हणून दह्याच्या डब्याला भोकं पाडली, जाड वाळू मिसळलेली कोरडीच माती भरली आणि त्यात ते झाड उभं केलं. मग फांदी नखाने खरवडून पाहिली. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. शेंड्याकडे तपकिरी. मध्ये तपकिरी. अगदी खाली, वितीच्या आत, किंचित हिरवं. वरचं सगळं छाटलं, वितीभर खुंट ठेवला.

त्यानंतर मी रोज खरवडायचो. दोन आठवड्यांत त्या वितीभर खुंटावर माझ्या नखाचेच इतके ओरखडे झाले की आता खरवडायला जागा नव्हती. शेजारच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाई कुंपणावरून हे पाहायच्या. त्या त्यांच्या फुशियाच्या कुंड्या शेडमध्ये ठेवायच्या आणि मार्चमध्ये काढायच्या. एकदा म्हणाल्या, "तुला रोज कोणी असं खरवडलं तर तू उगवशील का, लव्ह?"

मी म्हणालो, नाही.

"मग सोड त्याला. इट्ल बी ग्रँड."

मी सोडलं. तुळशीला पाणी घालणं चालू होतं, रोज, तिच्या एकटीला. बाकीच्या कुंड्यांसमोरून जाताना मी मान खाली घालायचो. अनंत पानं गाळून अर्धा राहिला होता पण होता. रातराणीला मार्चअखेर बारीक हिरवे ठिपके आले, आजोबा म्हणाले होते तसे. मला त्याचं काही वाटलं नाही. मी डब्याकडे बघत होतो.

एप्रिलमध्ये घरून येणाऱ्या बातम्या वाईट होत गेल्या. गल्लीतली माणसं गेली, वडिलांच्या मिलमधला हमाल गेला. आई नावं सांगायची आणि मी हूं म्हणायचो. फोन ठेवला की मी परीक्षेचं पान पुन्हा उघडायचो. रडू येईल असं वाटून मी एकदा मुद्दाम खुर्चीत बसून राहिलो. आलं नाही. उठून भांडी घासली.

ताईंच्या येण्याची तारीख तीनदा पुढे गेली होती. आजोबा मे मध्ये येणार का, हे मी विचारलं नाही. विचारलं आणि ते हो म्हणाले, तर दाखवायला माझ्याकडे दह्याचा डबा होता.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तांब्या घेऊन गेलो. डब्यात, खुंटाच्या अगदी बुडाशी, मातीला टेकून, एक कोंब होता. तांदळाएवढा, टोकाला तांबूस. मी तांब्या खाली ठेवला. गुडघ्यावर बसून बघितलं. हात लावला नाही. मग डबा उचलला. हलका होता. मी दोन चमचे पाणी घातलं.

त्या दिवशी मी खरा फोटो काढला. डबा, ओरखडे, कोंब, सगळं दिसेल असा. आणि फोटोबरोबर पहिल्यांदा स्वतःचा आवाज पाठवला, आजोबांना. मी म्हणालो:

"आजोबा, मी तुमच्याशी खोटं बोललो. जानेवारीत मोगरा माझ्याकडून सडला. तुळशीला पाणी घालताना त्यालाही घालत बसलो. तुम्ही सांगितलं होतं तहानलेला ठेव, मी नाही ठेवला. तेव्हापासूनचे सगळे फोटो डिसेंबरचे आहेत. आज बुडातून फुटलाय. या उन्हाळ्यात फूल येणार नाही, पण जगेल. तुम्ही आलात की तुम्हीच बघा. मला रागवा पाहिजे तर."

पाठवून झाल्यावर मी फोन हातातच धरून ठेवला. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. ऐकलं होतं. उत्तर आलं नाही. तासभर आलं नाही. मी काचेच्या खोलीतच बुटांच्या फळीवर बसून राहिलो.

मग फोन वाजला. नाव आजोबांचं होतं. मी घाईने उचलला आणि म्हणालो, "आजोबा."

"मी बोलतेय," ताई म्हणाल्या.

"ताई, आजोबा रागावलेत का?"

मागे कुकरची शिट्टी झाली.

"तुझे फोटो जुने आहेत हे आम्हाला फेब्रुवारीतच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "खिडकीच्या मागे शेजारच्यांचे दिवे दिसतात. ही मला म्हणाली, मम्मा, व्हाय आर द क्रिसमस लाइट्स स्टिल अप?"

मला हसू आलं. खरंच आलं. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होते मी? मला वाटलं, झाड मेलं असेल आणि तू ते पोटात ठेवून एकटा बसला असशील. तुला वाटत होतं बाबांना कळू नये. आणि मला... अरे, तू त्या घरात एकटा होतास. जवळ कोणी नाही. तुझी परीक्षा. मी म्हटलं, आल्यावर समोर बसवून सांगू. मग येणंच होईना. तू दर रविवारी फोटो पाठवायचास, आणि मी बाबांच्या फोनवरून छान लिहायचे. नंतर मला ते थांबवता येईना."

मी डब्याकडे बघत होतो.

"आज तुझा आवाज ऐकला," ताई म्हणाल्या. "तीनदा ऐकला. हिलाही ऐकवला. घसा वगैरे काही नव्हता रे बसला. बाबा जानेवारीतच गेले. संक्रांतीच्या आदल्या सकाळी."